घराचे खण आणि घराचे मोल



कुकडीकाठच्या आमच्या बोरी बुद्रुकला लहानपणी ‘घर केवढे?’ असे कुणी विचारले, की वडीलमाणसे ‘पाच खणांचे’ किंवा ‘सात खणांचे’ असे उत्तर देत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. कपाटाच्या कप्प्यालाही आपण खणच म्हणतो. घर मोजण्याचा शब्द आणि वस्तू ठेवण्याच्या जागेचा शब्द एकच. आमचे शालेय शिक्षण बेताचे. जे शिकलो ते कामगारांच्या खोल्यांतून आणि सार्वजनिक वाचनालयातून. पण या एका शब्दाने आम्हांस पुष्कळ विचार करावयास लावले. घराचे मोल ठरविताना ठेवण्याच्या जागेचा हिशेब केव्हा सुटला आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडतो, एवढेच आज मांडावयाचे आहे.

जुन्या घरात सामान जमिनीवर फारसे नसेच. धान्य भिंतीतल्या बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात, दिवा दिवळीत, भांडी फडताळात, सरपण माळ्यावर, दूधदुभते शिंक्यावर. मडक्यांची उतरंड रचली, की हातभर जागेत दहा जिनसा राहत. भिंत दोन-अडीच हात जाड. ती घर तोलून धरी आणि कोठाराचेही काम करी. माणसांना वावरावयास जमीन मोकळी राही.

आमच्या जुन्नर-आंबेगावची माणसे पोटासाठी घाट उतरून मुंबईस गेली, तेव्हा हे सारे मागे राहिले. एका खोलीत गावचे अनेक गडी, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. 1920 नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी बांधल्या. त्यांच्या 207 इमारती झाल्या. खोली 160 चौरस फुटांची. आता हिशेब करा : चार फूट रुंद व दोन फूट खोल कपाट आठ चौरस फूट जागा अडविते. म्हणजे एका कपाटातच खोलीचा विसावा हिस्सा गेला. मग पाण्याचे पिंप, खाट, अंथरुणे यांचे काय? लोकांनी पोटमाळे घातले. वर सामान, आणि सामानाच्या कडेला वाकून अभ्यास करणारी मुले.

त्या काळी मोल कसे ठरे, हेही पाहण्याजोगे आहे. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यात कराचा पाया भाडे हा होता. ही जागा वर्षाच्या कराराने दिली, तर वाजवी भाडे काय येईल, हे पाहावयाचे आणि दुरुस्तीसाठी त्यातून दहा टक्के वजा करावयाचे. या पद्धतीत निदान भाडेकरूच्या नजरेला स्थान होते. खोली पाहावयास आलेला माणूस आधी ट्रंक कुठे मावेल ते पाहतो. जागा अडचणीची असेल, तर भाडे कमी देतो, आणि भाडे कमी तर मोलही कमी. पुढे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने पुष्कळ जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. भाडेकरूस त्याने मोठा आधार दिला, हे आम्ही विसरणार नाही. पण भाड्यावरून जागेचे गुणदोष कळेनासे झाले. 2010 पासून मुंबईत भांडवली मूल्यावर कर आला. त्यात चटईक्षेत्र, दर, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय हे पाहतात. खुंटी, फडताळ कुणी विचारीत नाही. 2016 च्या रेरा कायद्यातील व्याख्येप्रमाणे चटईक्षेत्रात आतल्या भिंतींची जागा धरतात, बाहेरच्या भिंतींची धरीत नाहीत. तात्पर्य, आमच्या बळदाची भिंत या मापात शून्य.

हा अनुभव आम्ही घरीच घेतला. गावचे घर दुरुस्त करण्यासाठी कर्ज मागितले, तेव्हा मूल्यांकनास एक गृहस्थ आले. त्यांनी आतून फीत लावली आणि आकडा लिहिला. आई म्हणाली, “भाऊ, भिंत न्हाई मोजली? वरसाचं दाणं तिच्यातच असायचं.” ते हसले. त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या कागदावर तसा रकानाच नव्हता.

यावर कुणी म्हणेल, कपाट काय बाजारात मिळते! मिळते खरे, परंतु ते ज्या आठ फुटांवर उभे राहते, ते आठ फूट घराच्याच दराने घ्यावे लागतात. दोन घरे सारख्याच फुटांची. एकात माळा व भिंतीतले कपाट, दुसऱ्यात नुसत्या चार पातळ भिंती. कागदावर दोघांचे मोल एक. राहावयास गेल्यावर दुसरे लहान ठरते. मोठ्या घराला हे जाणवत नाही. लहान घरालाच जाणवते.

1982 चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. वडील ट्रंक घेऊन गावी परतले. ती माळ्यावर सहज मावली. पुढे गिरणी कामगारांना घरे मिळाली, ती 225 चौरस फुटांची. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील 556 कुटुंबांना 500 फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हा फार मोठा विजय आहे. परंतु आम्ही संघटनेची माणसे वाटाघाटीत फुटांसाठीच भांडलो. माळा कुठे, भिंतीत कपाट किती, हे क्वचितच विचारले. ही चूक आमचीही आहे.

म्हणून चाळी-चाळींतल्या आणि गावी स्लॅबचे घर बांधणाऱ्या मित्रांस आमची विनंती आहे. नकाशावर सही करण्यापूर्वी तो घरातल्या बाईच्या हाती द्या आणि विचारा : पिंप कुठे राहील, अंथरुणे कुठे, ट्रंक कुठे? उत्तर आले नाही, तर सही करू नका.