एलियट काउंटी
अमेरिकेच्या केंटकी राज्यातील, ॲपलाचियन डोंगररांगांच्या प्रदेशातील ग्रामीण काउंटी. स्थापना १८६९. मुख्य ठाणे सँडी हुक. लोकसंख्या ७,३५४ (२०२०). स्थापनेपासून २०१२ पर्यंतच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत येथील मतदारांनी डेमोक्रॅटिक उमेदवारालाच कौल दिला. तंबाखूची शेती आणि ‘न्यू डील’च्या काळातील सरकारी आधार यांवर ही निष्ठा पोसली गेली. २००८ मध्ये ओबामांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. २०१२ मध्ये ती निम्म्याच्याही किंचित खाली आली, तरी आघाडी त्यांचीच राहिली. २०१६ मध्ये ट्रंप सुमारे ७० टक्के मते घेऊन जिंकले. कोळशाविषयीचे धोरण आणि सामाजिक प्रश्नांवरून वाढलेला दुरावा ही या बदलाची कारणे सांगितली जातात. केवळ वर्णद्वेषाचे स्पष्टीकरण मात्र पुरेसे नाही, कारण जवळजवळ सर्वस्वी श्वेतवर्णीय असलेल्या याच मतदारांनी ओबामांना दोनदा निवडले होते. २०१९ मध्ये राज्यपालपदासाठी काउंटीने पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या अँडी बशिअर यांनाच मताधिक्य दिले.