केनकेन : संगणकाने सोडवायचे अंककोडे

केनकेन हे कोडे जपानमधील गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ मध्ये तयार केले. सहा बाय सहाच्या चौकटीत प्रत्येक ओळीत व स्तंभात १ ते ६ हे अंक एकेकदाच यावेत आणि जाड रेघांनी वेढलेल्या गटाचे गणित जुळावे, एवढीच अट. गणित वगळले, तरी अशी चौकट ८१ कोटींहून अधिक प्रकारे भरता येते. तेव्हा सारे प्रकार तपासत बसणारा प्रोग्रॅम लिहिणे हे आळसाचेच काम. त्याने आधी गट पाहावेत. शेजारच्या दोन घरांची वजाबाकी ५ असेल, तर तेथे १ व ६ हेच अंक येतात आणि त्या ओळीतील वा स्तंभातील इतर घरांतून ते बाद होतात. त्यानंतर सर्वांत कमी पर्याय उरलेल्या घरात अंक मांडावा. पुढे विसंगती आली, की तो पुसून दुसरा घ्यावा. यालाच 'बॅकट्रॅकिंग' म्हणतात.

अशा चौकटीचे गणिती नाव 'लॅटिन चौरस'. वर्ध्याशेजारच्या नागपुरात शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे यांनी राजचंद्र बोस व ई. टी. पार्कर यांच्यासह १९५९ मध्ये या चौरसांविषयीचे ऑयलरचे १७८२ मधील अनुमान खोटे ठरविले. दहा बाय दहाच्या परस्पर लंबरूप चौरसांची जोडी ऑयलरला अशक्य वाटली होती, ती सापडली.