ओव्हरड्राइव्ह लागत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी वायर तपासा

ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार अनेक हौशींनी आजही जपली आहे. तिच्यात चारच गिअर. पण काही गाड्यांना मागे लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह जोडलेला असतो. १९६७ नंतरच्या एलएच प्रकारात तो लागला की तेवढ्याच वेगाला इंजिनाचे फेरे साधारण १८ टक्क्यांनी कमी होतात. हायवेवर आवाजही कमी आणि पेट्रोलही.

हे काम तेलाच्या दाबावर चालतं, पण त्याला हुकूम देते वीज. स्विच, गिअरबॉक्सवरचा छोटा इनहिबिटर स्विच आणि सोलेनॉइड, एवढाच तो मार्ग. तरीही बटण चालेना की मालक थेट गिअरबॉक्स उतरवायच्या खर्चाचा विचार करू लागतात.

आधी कान लावा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, चौथा गिअर टाका आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू-बंद करा. गिअरबॉक्सच्या बाजूने ‘टक्’ आवाज आला तर वीज बहुधा ठीक आहे. मग गिअरबॉक्सचं तेल बघा, कारण ओव्हरड्राइव्ह तेच तेल वापरतो. (पॉइंटवाल्या इग्निशनमध्ये चावी फार वेळ ऑन ठेवू नका, कॉइल तापते.)

आवाजच नाही? मग टेस्ट लॅम्प घ्या. इथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळपास लागतच नाही. सोलेनॉइडला मात्र लागतो. बल्ब पेटवून बघितलं की खरं काय ते कळतं: मंद पेटला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. स्विचच्या अलीकडे, पलीकडे, मग इनहिबिटर स्विचच्या दोन्ही बाजू आणि शेवटी सोलेनॉइडची वायर, असं पुढे सरका. जिथे बल्ब पेटायचा थांबला, दोष त्याच्या जरा आधी. गाडीखाली जायचं असेल तर पक्के स्टँड लावा, नुसत्या जॅकवर नको.

सगळ्यात जास्त त्रास देतात ते गोळीसारखे जोड, म्हणजे बुलेट कनेक्टर. गाडीखाली पाणी-चिखल खाऊन ते हिरवे पडतात. ज्या गाड्यांत स्विच गिअरच्या मुठीत आहे, तिथे सतत हलून वायरच तुटते. गिअरची दांडी हलकीच ढकलल्यावर ओव्हरड्राइव्ह सुटत असेल तर इनहिबिटर स्विच नीट बसलेला नाही. त्याखालच्या वॉशरची जाडी बदलावी लागते. थंड असताना चालतो आणि तापल्यावर सुटतो, तेव्हा संशय सोलेनॉइडच्या गुंडाळीवर घ्या.

सोलेनॉइडला फ्यूज लावून बॅटरीतून थेट वीज देऊन बघायला हरकत नाही. पण इनहिबिटर स्विच कायमचा वगळून वायर जोडण्याचा ‘जुगाड’ अजिबात करू नका. हा स्विच रिव्हर्समध्ये ओव्हरड्राइव्ह लागू देत नाही. तो लागलेला असताना गाडी मागे घेतली तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच मोडतो. म्हणूनच बटण बंद केल्यावरही ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर गाडी रिव्हर्स घेऊ नका, मागे ढकलूही नका.