दुर्मीळ गाडी आणि मोलाची गाडी

जळगावच्या सराफाकडे एखादा दागिना नेला म्हणजे तो आधी कस पाहतो, मग वजन करतो आणि त्या दिवसाचा भाव सांगून मोकळा होतो. दागिना पणजीचा आहे की कालपरवा घडवलेला, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. जुन्या मोटारींच्या बाजारात मात्र याच्या उलट चाल आहे. तेथे लोखंडाला किंमत नाही. गाडी कोणी घडवली, कोणी वापरली आणि तिच्या जातीच्या आणखी किती उरल्या, या तीन प्रश्नांवर लिलावाचा हातोडा पडतो. मी इतिहासाचा विद्यार्थी, मोटार हाकणे मला येत नाही. पण यांतला तिसरा प्रश्न मला मोठा चमत्कारिक वाटतो. दुर्मीळ ते महाग, असे आपण धरून चालतो. अमेरिकेच्या जुन्या लिमोझिन गाड्यांनी हा समज खोटा पाडला आहे.

लिमोझिन म्हणजे नुसती लांबलचक मोटार नव्हे. चालक आणि मालक यांच्यामध्ये काचेचा पडदा असलेली बंद गाडी, ती लिमोझिन. १९३० च्या आगेमागे अमेरिकेत पॅकार्ड, कॅडिलॅक, लिंकन, पिअर्स-अॅरो आणि ड्यूसेनबर्ग यांच्या अशा गाड्या म्हणजे श्रीमंतीची परिसीमा होती. कारखाना पुष्कळदा केवळ सांगाडा आणि इंजिन देई. वरची बॉडी दुसरेच कारागीर गिऱ्हाइकाच्या मनाजोगती बांधून देत. १९२८ साली आलेल्या ड्यूसेनबर्गच्या ‘जे’ गाडीचा नुसता सांगाडाच ८,५०० डॉलरला होता, आणि त्याच काळात साधी फोर्ड पाचशे डॉलरच्या आसपास मिळे. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. १९३७ साली ड्यूसेनबर्गचे दार बंद झाले, तोवर या जातीच्या पाचशेही गाड्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. सोळा नळकांड्यांच्या कॅडिलॅकची तीच गत झाली. १९३० ते १९४० या अकरा वर्षांत त्या चार हजारांच्या घरात निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पहिल्याच वर्षी खपल्या होत्या.

या वैभवाचा एक धागा आपल्या खानदेशाशी जुळतो. होळकरांच्या राज्याचे मूळपुरुष मल्हारराव हे लहानपणी तळोद्याला मामाकडे वाढले. त्यांच्याच गादीवरचे यशवंतराव होळकर (दुसरे) १९२६ ते १९४८ पर्यंत इंदूरचे अधिपती होते. त्यांनी ड्यूसेनबर्गचा लांब सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून त्यावर नारिंगी आणि काळ्या रंगाची बॉडी बांधवून घेतली. ही गाडी आज जगातल्या नामांकित ड्यूसेनबर्गांत गणली जाते. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ती लिमोझिन नव्हती. ती उघड्या टपाची, वेगाची गाडी होती. महाराजांच्या आवडीची गाडी तीच होती आणि आज लिलावात भाव चढतो तोही तशाच गाडीचा.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथे १९३५ सालची एक ड्यूसेनबर्ग २ कोटी २० लाख डॉलरला गेली. तोपर्यंत अमेरिकन बनावटीच्या कोणत्याही मोटारीला लिलावात एवढी रक्कम आली नव्हती. ही गाडी सिनेनट गॅरी कूपर यांनी वापरलेली, आखूड सांगाड्याची, उघड्या टपाची. तशा फक्त दोनच झाल्या, दुसरी क्लार्क गेबल यांच्याकडे गेली. ‘मग दुर्मीळपणाचाच हा भाव नव्हे का?’ असे कोणी विचारील. थोडासा होय. पण त्याच काळातल्या एखाद्या कारागिराने बांधलेल्या लिमोझिनचा नमुना जगात एकच उरला असला, तरी त्याच इंजिनाच्या उघड्या गाडीपुढे तिची बोली फार खाली राहते.

याचे कारण साधे आहे. भाव टंचाईने चढतो खरा, पण मागणी असेल तरच. आपला कापूसवाला शेतकरी हे कोणत्याही पंडिताइतकेच जाणतो. आजच्या धनिकाला गाडी स्वतः हाकायची असते, शोफरच्या पाठीमागे बसायचे नसते. शिवाय त्या काळच्या बॉडीला पत्र्याच्या आत लाकडी चौकट असे. बंद गाडीत लाकूड, काच आणि गादीकाम अधिक, म्हणून दुरुस्तीचा खर्च जास्त आणि हाती येणारी रक्कम कमी. परिणाम काय झाला? अमेरिकेत कित्येक भव्य गाड्यांचे मागचे अंग कापून तेथे बिघडलेल्या मोटारी ओढण्याची यारी बसवली गेली. दुसऱ्या महायुद्धात कित्येक भंगारात वितळल्या. जुन्या गाड्यांचा शौक वाढल्यावर तर निराळाच प्रकार सुरू झाला. लिमोझिनची अस्सल बॉडी उतरवायची आणि त्याच सांगाड्यावर उघड्या गाडीची नक्कल चढवायची! म्हणजे बाजाराने दुर्मीळ वस्तू राखली नाही, उलट तिला अधिक दुर्मीळ केले.

आपल्याकडची हकीकत थोडी वेगळी. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईच्या शिवडीत गाड्यांची जुळणी सुरू केली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जुळवायला घेतल्या. त्यामुळे अमेरिकन मोटार संस्थानिकांच्या वाड्याबाहेरही आली. पण १९७१ साली तनखे बंद झाले, पेट्रोल महागले, सुटे भाग मिळेनात, आणि वाड्यांच्या मागल्या पागांमध्ये वाळवीने लाकडी चौकटी पोखरल्या. जे वाचले त्याला आता थोडा मान आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो.

‘मूळ रूपात’ हे दोन शब्द मला लाखमोलाचे वाटतात. इंजिनाचा, सांगाड्याचा आणि बॉडीचा क्रमांक जुन्या कागदाशी जुळला, तरच जाणकार गाडीला अस्सल म्हणतो. कागद नसेल तर दंतकथा उरते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा करीत. त्यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळ्यात उभे राहिलेले संशोधन मंडळ आजही तो वारसा सांभाळते. दप्तराला जे लागू, तेच मोटारीला. आपल्या घराण्यात कधी मोठी मोटार झुलली असेल, तर तिचे नोंदणीपुस्तक, खरेदीची पावती, दारात उभ्या गाडीचा फोटो, शोफरच्या हिशेबाची वही हे सारे जपून ठेवा. गाडी कदाचित भंगारात गेली असेल. तिचा कागद कोणत्याही लिलावात लाखाला जाणार नाही, हे कबूल. पण कोण त्या गाडीत बसले, कोणी ती चालवली आणि कोणी धुऊनपुसून लखलखीत ठेवली, हे सांगणारे त्या कागदाखेरीज दुसरे कोणी उरलेले नसते. बाजार ज्याला भाव देत नाही, त्याची राखण घरच्यांनीच करायची असते.