निनावी खोकल्याची वंशावळ

जानेवारी २०२५ मध्ये ‘चीनमध्ये नवा विषाणू’ अशा बातम्यांनी घराघरांत धास्ती पसरली, तेव्हा माझी सात महिन्यांची नात खोकत होती. रात्रभर जागलेल्या सुनेने विचारले, “बाबा, हा विषाणू खरंच नवा आहे का हो?” माझे आयुष्य हस्तलिखितांत गेले, विषाणूंशी कधी संबंध आला नाही. तरी जुनी साधने शोधण्याची सवय होती, म्हणून बसलो.

ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस जगाला कळला तो २००१ मध्ये, नेदरलँड्समधील संशोधकांमुळे. वीस वर्षांच्या काळात श्वसनविकाराने आजारी पडलेल्या २८ लहान मुलांच्या नमुन्यांत एक विषाणू वाढत होता; पण ओळखीच्या कोणत्याच विषाणूशी तो जुळेना. अखेर त्याच्या आरएनएचे तुकडे वाचले गेले आणि जवळचा नातलग निघाला टर्की पक्ष्यांच्या श्वसनरोगाचा विषाणू! पुढे १९५८ मध्ये घेऊन जपून ठेवलेले रक्तद्रव तपासले, तर त्यांतही याची प्रतिपिंडे सापडली. नवा होता तो शोध. विषाणू जुनाच होता. पुण्यातील मुलांमध्ये तो आढळल्याचा शोधनिबंधही २००४ चा आहे.

पुढचे काम मला ओळखीचे वाटले. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पाठभेदांवरून पोथ्यांची कुळे ठरवली गेली. एकच चूक दोन पोथ्यांत दिसली, तर त्यांचे मूळ बहुधा एक. विषाणूही स्वतःची नक्कल करताना चुकतो. त्या चुकांवरून याची ए आणि बी ही दोन घराणी ठरली, प्रत्येकीच्या दोन शाखा. अलीकडे ए-२ शाखेत एका जनुकातील १८० किंवा १११ अक्षरे दुबार उतरलेले वाण सापडले आहेत. लेखनिकाने तीच ओळ पुन्हा लिहावी तसे.

वंशावळीने खोकला बरा होत नाही. या विषाणूवर मान्यताप्राप्त लसही अजून नाही. पण लस करायची, तर कोणती शाखा कुठे फिरते आणि कशी बदलते हे ठाऊक हवे. त्यासाठी नमुने जपायला हवेत. डच संशोधकांपाशी ते होते, म्हणून मागे वळून पाहता आले.

सुनेला एवढेच म्हणालो, “नवा नाही गं. तुझ्या लहानपणीही असणार.” तिचा जीव थोडा भांड्यात पडला. आठवड्याने नात बरी झाली. तिचा नमुना कुणी घेतला नाही. तो खोकला कोणत्या घराण्याचा होता, हे आता कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.