रत्तलभर धान्याचा हिशोब

दुष्काळाचा विषय निघाला की आपल्या घरांत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे नाव येते. आम्हा जैनांकडे कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहाचे येते. तेराव्या शतकातील दुष्काळात त्याने आपली कोठारे लोकांसाठी खुली केली. दोन्ही नावे आदराचीच. पण कोठार उघडणे आणि हजारोंसाठी चूल पेटवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चुलीला सरपण, पाणी आणि राबणारे हात लागतात. शिवाय पानात किती वाढायचे हे कुणाला तरी ठरवावे लागते. त्या ठरवण्यावर माणसे जगतात किंवा मरतात.

1876-78 च्या दख्खनच्या दुष्काळात हे ठरवणारा अधिकारी होता सर रिचर्ड टेंपल. हा गृहस्थ आपल्या भागाला परका नव्हता. नागपुरास मध्य प्रांताचा चीफ कमिशनर आणि पुढे 1867 मध्ये हैदराबादचा रेसिडेंट म्हणून त्याने काम केले होते. 1874 च्या बिहारच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून असंख्य जीव वाचवले. त्याबद्दल त्याला उधळ्या ठरवण्यात आले. तो डाग धुण्याची संधी त्याला 1877 मध्ये मिळाली. दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य त्याने रोज एक रत्तलावर आणले, वर किरकोळ पैसे.

एक रत्तल म्हणजे सुमारे 450 ग्रॅम. त्यातून जेमतेम 1,600 कॅलरी मिळतात. दिवसभर खडी फोडणाऱ्याला याच्या दुपटीच्या आसपास हवे. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हेच मांडले: एवढ्यावर कष्टकरी तगणार नाही, धान्य वाढवा, सोबत डाळ आणि भाजीपाला द्या. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे ठेवली. मद्रासेत काही महिन्यांनी मात्रा वाढवावी लागली; तोवर पुष्कळांचा शेवट झाला होता.

त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक समाजाने व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून दुष्काळातील मुलांना जेवू घातले. मे महिन्यात जोतीराव फुल्यांनी मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या. ओतूरहून 20 एप्रिल 1877 रोजी लिहिलेल्या त्यांच्या पत्रात तिथली दशा आहे. शिजवलेले अन्न कुणाच्या हातचे, हा प्रश्न तेव्हा भुकेपुढेही उभा राहत असे. जातिभेद नाकारणाऱ्या समाजाने ती चूल पेटवली, याचे मोल म्हणूनच मोठे.

वैद्यकाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालू नये. शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडून जीवही जातो. आधी पातळ पेज, थोडी थोडी, मग हळूहळू घट्ट अन्न. आमच्याकडे अठाईच्या पारण्याला मुगाचे पाणी देतात, त्यातही हेच शहाणपण आहे. म्हणजे कमी वाढणे नेहमीच क्रूर नसते. टेंपलचे रत्तल चुकले ते अशासाठी की ते भुकेल्याकडे पाहून ठरले नव्हते, तिजोरीकडे पाहून ठरले होते.

पुढे 1972 च्या दुष्काळात पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात सुकडी आणि मिलो आले. मिलोच्या लाल भाकरीला लोकांनी नावे ठेवली, पण दिवस निघाले. 2020 च्या टाळेबंदीत हैदराबादहून नागपूरकडे पायी निघालेले मजूर महामार्ग 44 वरून आपल्याच जिल्ह्यातून गेले. वाटेवरच्या गावांनी त्यांना भात, खिचडी, पाणी दिले. अशा वेळी कुणाच्याही हाती नियमांचे पुस्तक नसते.

म्हणून विनंती आहे. आपली घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सुकडी खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत. महामार्गावर डेग चढवणारी तर आहेतच. किती माणसांना किती तांदूळ लागला, पाणी कुठून आणले, आधी कुणाला वाढले, पंगतीबाहेर कोण राहिले, हे त्यांना विचारून वहीत उतरवा. सरकारी दप्तरात टेंपलचे रत्तल नोंदलेले आहे. आपल्या चुलींचा हिशोब आपणच लिहायचा आहे.