चोरीला गेलेला वेळ

फोरट्रानचे पंचवीस सारखे प्रोग्राम संकलित करायचे, एवढेच काम होते. मशीन आयबीएमचे सिस्टिम/३६० मॉडेल ६७. ओएस/३६० ही कार्यप्रणाली त्यावर थेट चालवली तर काम ३२२ सेकंदांत आटपे. तीच प्रणाली, तेच मशीन, पण मध्ये ‘सीपी-६७’ घातले की ८५६ सेकंद लागत. ही मोजणी १९६८ सालची, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतली. करणारा लिन व्हीलर हा तेव्हा विद्यार्थी होता. आभासी यंत्र संथ का चालते, याची चौकशी आज डेटा सेंटरांत रोज होते. तिच्या इतिहासात शिरायला मला हे आकडे सोयीचे वाटतात.

आभासी यंत्राची कल्पना अशी : खऱ्या संगणकावर एक नियंत्रक प्रोग्राम बसतो आणि त्याच्या आधाराने अनेक खोटे संगणक उभे राहतात. प्रत्येकात स्वतंत्र कार्यप्रणाली. वाड्यात बिऱ्हाडे असतात तसेच हे; फरक एवढाच, की इथे प्रत्येक बिऱ्हाडकरूची समजूत अख्खा वाडा आपलाच अशी असते. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० घडवले. जानेवारी १९६७ पासून ते वापरात आले. सीपी-६७ हा त्याचाच पुढचा अवतार. कंपनीचा अधिकृत भरवसा मात्र टीएसएस/३६० या दुसऱ्याच प्रणालीवर होता. सीपीला घरात वागणूक सवतीच्या पोराची.

मग ते जादाचे ५३४ सेकंद जात कुठे? बेरीज-वजाबाकीसारख्या साध्या आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट चालत. तिथे खोळंबा नव्हता. पण डिस्कवरून वाचणे, टेपवर लिहिणे असल्या आज्ञा देण्याचा अधिकार पाहुण्या प्रणालीला नव्हता. तिने तशी आज्ञा दिली की प्रोसेसर थबके, सूत्रे नियंत्रकाकडे जात, तो त्या आज्ञेची नक्कल करी आणि मग सूत्रे परत देई. व्हीलरने या येण्याजाण्याच्या वाटा आखूड केल्या. ५३४ चे ११३ झाले आणि सगळे काम ४३५ सेकंदांत होऊ लागले. नवा खिळाही विकत घ्यावा लागला नाही.

स्मृतीचा प्रश्न याहून अवघड. खरी स्मृती अपुरी असल्याने तिची ४०९६ बाइटची पाने करून, नको असलेली पाने ड्रमवर किंवा डिस्कवर ठेवायची, हवी ती आणायची, अशी रीत होती. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी दाखवून दिले, की भार एका मर्यादेपलीकडे गेला की असले यंत्र हळूहळू मंदावत नाही, एकदम कोसळते. प्रोसेसर रिकामा बसतो आणि नुसती पानांची ने-आण चालते. त्यांचा उपाय साधा होता : प्रोग्रामला सध्या खरोखर लागणाऱ्या पानांचा संच मावत असेल तरच त्याला आत घ्या. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे सीपी-६७ वर हा उपाय अमलात आणून पाहिला गेला. रॉड्रिग्ज-रोसेल आणि द्युप्युई यांनी १९७३ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

पण पाहुणी प्रणाली स्वतःही पानांची ने-आण करत असेल तर? गोल्डबर्ग आणि हॅसिंजर यांचा १९७४ चा निबंध नेमका यावर आहे. पाहुणी प्रणाली बराच काळ न वापरलेले पान बाहेर टाकायला निवडते. खालच्या नियंत्रकानेही त्याच न्यायाने तेच पान आधीच डिस्कवर नेऊन ठेवलेले असते. म्हणजे बाहेर टाकण्यासाठी ते आधी आत आणायचे! परिणाम विलक्षण आहे. खरी स्मृती तेवढीच ठेवून आभासी यंत्राला कागदोपत्री जास्त स्मृती दिली, तर ने-आण कमी होण्याऐवजी वाढू शकते.

मला या इतिहासातला खरा पेच इथे दिसतो. खोटे जितके बेमालूम, तितके आतल्याला आपल्या दुखण्याचे कारण कळणे अशक्य. म्हणून पुढचे उपाय पाहिले, तर प्रत्येकाने त्या भिंतीला एकेक भोक पाडले आहे. व्हीएम/३७० ने ओएस/व्हीएस१ शी ‘हस्तांदोलन’ सुरू केले : तुझे पान यायला वेळ आहे, तोवर दुसरे काम घे, असा निरोप आत जाऊ लागला. व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये वर्णिलेला ‘फुगा’ त्याच जातीचा. पाहुण्याच्या आत एक छोटा प्रोग्राम फुगून स्मृती अडवतो. पाहुणा आपल्याला सर्वांत नको असलेली पाने आपणच सोडतो आणि मोकळी झालेली जागा नियंत्रक दुसऱ्याला देतो.

तिसरे भोक लिनक्समध्ये २.६.११ या आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आहे : ‘स्टील टाइम’, चोरीला गेलेला वेळ. आभासी प्रोसेसर कामाला तयार होता, पण खरा प्रोसेसर शेजारच्या बिऱ्हाडाला दिलेला होता, असा काळ त्यात मोजला जातो. ‘टॉप’ या आज्ञेच्या पडद्यावर तो ‘एसटी’ या अक्षरांखाली दिसतो. आपल्याकडे एसटी म्हटले की ताटकळणे आलेच. योगायोग वाईट नाही.

जुन्या नियतकालिकांच्या संगणकीकरणात मी ज्या ग्रंथालयाला मदत करतो, त्याचा शोधसंच अशाच भाड्याच्या आभासी यंत्रावर आहे. एका शोधाला वीस-बावीस सेकंद लागू लागले, तेव्हा पुरवठादाराने दुप्पट स्मृती घ्या असे सुचवले आणि समितीने पैसेही मंजूर केले. आत पाहिले तर स्मृती निम्मी मोकळी, डिस्क निवांत आणि एसटीचा आकडा दुपारच्या वेळी साठपर्यंत चढलेला. त्या पडद्याची तीन दिवसांची नोंद पाठवल्यावर आमचे यंत्र दुसऱ्या, कमी गर्दीच्या मशीनवर हलवण्यात आले. शोध सात-आठ सेकंदांवर आला. स्मृतीसाठी काढलेले पैसे समितीने कपाटातल्या पुढच्या गठ्ठ्याच्या स्कॅनिंगकडे वळवले. त्यातल्या काही अंकांची पाने उलटतानाच तुटत होती.